कडी लागली नव्हती

1 मार्च 1945 ची सकाळ. दक्षिण जर्मनीतल्या ह्यॉयबर्गच्या पठारावर लष्कराचं सराव मैदान होतं आणि तिथे एका उभ्या मनोऱ्याला एक बुटकं लाकडी विमान टेकवून ठेवलं होतं. नाक आकाशाकडे, शेपूट जमिनीकडे. आत पाठीवर उताणा झोपावा तसा लोथार झीबर नावाचा वैमानिक बसला होता. वय 22. विमानाचं नाव बाखेम बीए 349, म्हणजेच नाटर.

रॉकेटं पेटली आणि विमान सुटलं. शंभरेक मीटरवर गेल्यावर ते अचानक पाठीच्या बाजूला कललं. पाचशे मीटरच्या आसपास कॉकपिटचं झाकण उडून खाली आलं. विमान तसंच उलटं, तिरकं वर चढत ढगात शिरलं. काही सेकंदांनी मुख्य इंजिन बंद पडलं आणि मग ते नाकावर खाली आलं. सुटल्यापासून आदळेपर्यंतचा सगळा काळ एका मिनिटाहूनही कमी. जमिनीत खोल खड्डा पडला. झीबरच्या शरीराचे थोडेच अवशेष हाती लागले.

झाकण मनोऱ्याजवळच पडलं होतं. ते तपासलं, तेव्हा कडीचं टोक वाकलेलं दिसलं. म्हणजे उड्डाणाच्या वेळी कडी बहुधा पुरती बसलेलीच नव्हती. आणि वैमानिकाच्या डोक्यामागचा आधार त्या झाकणालाच जोडलेला होता. झाकण गेलं तसा आधारही गेला. वर झेपावणाऱ्या विमानात झीबरचं डोकं मागे फेकलं गेलं असणार आणि बहुतेक तिथेच मान मोडली असणार.

ही गोष्ट आज जिथे जिथे सांगितली जाते, तिथे मथळा जवळजवळ ठरलेला असतो: ‘रॉकेटवर बसून सरळ वर झेपावलेला पहिला माणूस’. पहिला अंतराळवीर गागारीनच्या आधी 16 वर्षं! सोबत विमानाचं रंगीत चित्र आणि ‘काळाच्या पुढचं तंत्रज्ञान’ असे शब्द. महायुद्धाच्या शेवटच्या वर्षातली जर्मन विमानं हा आपल्याकडच्या तरुण वाचकांचाही मोठा आवडीचा विषय आहे. कुतूहल वाईट नाही. मलाही ते शाळेत असल्यापासून आहे आणि मुलांनी विमानांची चित्रं काढू नयेत असं मी कधीच म्हणणार नाही. पण हा मथळा मला मान्य नाही. झीबरच्या मृत्यूला ‘पहिला’ हा मान चिकटवला की त्याला कुणी, कधी आणि काय बघून त्या विमानात बसू दिलं, हा प्रश्न विचारायचाच राहतो. आणि तो प्रश्न 1945 बरोबर संपलेला नाही.

नाटर हे नेमकं काय होतं, ते आधी सांगतो. 1944 मध्ये जर्मनीच्या शहरांवर आणि कारखान्यांवर दोस्त राष्ट्रांची बॉम्बर विमानं दिवसाही येत होती, रात्रीही येत होती. इंधन, ॲल्युमिनियम आणि तयार वैमानिक या तिन्हींचा दुष्काळ होता. एरिख बाखेम हा फीझेलर कंपनीत तांत्रिक संचालक राहिलेला अभियंता. त्याची कल्पना अशी होती की विमान लाकडाचं, खिळे-गोंदाने जोडलेलं असावं, गावातल्या सुताराच्या कारखान्यातही त्याचे भाग बनावेत. धावपट्टी नको. मनोऱ्यावरून ते सरळ वर सुटावं. वाल्टर कंपनीचं द्रवइंधनाचं रॉकेट इंजिन मुख्य आणि सुरुवातीचा जोर देण्यासाठी अंगाला चार घनइंधनाची रॉकेटं, जी जळून संपली की गळून पडावीत. वर जाईपर्यंत स्वयंचलित यंत्रणा विमान सांभाळेल. बॉम्बरच्या जवळ पोचलं की वैमानिकाने ताबा घ्यायचा आणि नाकातली 24 छोटी रॉकेटं एकदम सोडायची. मग नाक वेगळं होणार, वैमानिक हवाई छत्रीने उतरणार, शेपटीकडचा भाग दुसऱ्या छत्रीने उतरणार आणि त्यातलं इंजिन पुन्हा वापरता येणार. उरलेलं विमान टाकून द्यायचं. विमान उतरवायचंच नसल्यामुळे ते उतरवायला शिकलेला वैमानिकही लागणार नाही, हा त्यातला मोठा फायदा धरला होता.

नावाबद्दल एक गोष्ट जाता जाता सांगावीशी वाटते. जर्मन भाषेत नाटर म्हणजे आपल्या धामण-दिवडाच्या कुळातला साप. इंग्रजी पुस्तकांनी त्याचं वायपर केलं, म्हणजे घोणस-फुरशांच्या कुळात नेऊन बसवलं. गोष्ट दुसऱ्या भाषेत जाताना तिला कसे विषारी दात फुटतात, त्याचा हा एक नमुना.

हवाई मंत्रालयाने ही कल्पना सुरुवातीला फारशी उचलली नाही. मग बाखेमने थेट हाइनरिश हिमलरची, म्हणजे एसएस या नाझी सशस्त्र दलाच्या प्रमुखाची, भेट मिळवली. हिमलरला ती आवडली आणि मंत्रालयाचं मत लगेच फिरलं. एसएसने 150 विमानांची मागणी नोंदवली. माझ्या मते झीबरचं नशीब इथेच फिरलं. ज्या कागदावर तांत्रिक हरकत असते, त्या कागदाच्या वरून कुणीतरी मोठा माणूस उडी मारून जातो आणि त्यानंतर खालच्या कुणाच्याही हरकतीला वजन उरत नाही. हिमलरला विमानशास्त्रातलं काय कळत होतं? पण ‘हो’ म्हणण्याचा अधिकार त्याच्याकडे होता आणि ‘थांबा’ म्हणणारी जागा त्या व्यवस्थेत उरलीच नव्हती.

आता तारखा बघा. नोव्हेंबर 1944 मध्ये नाटर दुसऱ्या विमानाच्या मागे बांधून हवेत नेलं आणि ते हवेत कसं वागतं ते पाहिलं. डिसेंबरात माणसाविना उभी उड्डाणं सुरू झाली. पहिलं फसलं, काही दिवसांनी एक जमलं. त्या उड्डाणांत मुख्य इंजिन नव्हतंच, फक्त सुरुवातीची रॉकेटं होती. मुख्य इंजिनासकट, जवळजवळ पूर्ण विमान पहिल्यांदा उडालं ते 25 फेब्रुवारी 1945 ला, आत पुतळा बसवून. ते उड्डाण चांगलं झालं. नाक सुटलं, पुतळा छत्रीने खाली आला, मागचा भागही आला, फक्त जमिनीला टेकल्यावर उरलेल्या इंधनाचा स्फोट झाला. आणि चार दिवसांनी त्याच प्रकारच्या विमानात झीबर बसला होता.

एक यशस्वी उड्डाण. चार दिवस. चाचण्या फार आखडत्या घेतल्या जात आहेत, ही काळजी खुद्द बाखेमलाही वाटत होती. तरीही उड्डाण झालं.

मी आयुष्यातली अठ्ठावीस वर्षं कारखान्यात इन्स्पेक्शनला काढली. विमानं नाहीत, साधे यंत्रभाग. पण तिथे एक गोष्ट रोज शिकायला मिळते. महिनाअखेरीला डिस्पॅचचा दबाव येतो, तेव्हा कुणीही ‘तपासू नका’ असं म्हणत नाही. ‘मागचा लॉट चांगला गेला होता ना?’ असं म्हणतात. मागचा एक लॉट चांगला जाणं हे पुढचा चांगला असल्याचा पुरावा नसतं, हे सगळ्यांना कळतं. तरी त्या क्षणी ते वाक्य चालून जातं. मीही दोनदा ते चालू दिलं आहे आणि त्यातल्या एकदाचा माल परत आला होता. कुणाला इजा झाली नाही, एवढंच. म्हणून 25 फेब्रुवारी आणि 1 मार्च या दोन तारखा मी वाचल्या, तेव्हा मला त्या परक्या वाटल्या नाहीत.

झीबरच्या मृत्यूनंतर जे झालं, ते मला मृत्यूइतकंच गंभीर वाटतं. वर सुटतानाच्या झटक्याने वैमानिकाने विमान वळवायची काठी नकळत मागे ओढली असावी आणि म्हणून विमान पाठीवर गेलं, असा तर्क बाखेमने केला. म्हणजे चूक, नकळत का होईना, मेलेल्या माणसाची. पुढे 1998 मध्ये त्या जागेवर खोदकाम झालं, तेव्हा चार साहाय्यक रॉकेटांपैकी एकाचे अवशेष तिथल्या मातीत सापडले. ते रॉकेट गळून पडायला हवं होतं, पडलंच नव्हतं. एका अंगाला जास्तीचं ओझं घेऊन ते विमान उडत होतं. ही गोष्ट बाहेर यायला 53 वर्षं लागली. दरम्यान लिहिल्या गेलेल्या पुस्तकांत त्या काठीचा उल्लेख येतच राहिला.

इथे नेहमीचं उत्तर येतं: युद्ध होतं. घर पेटल्यावर पाणी गाळून घेत नाहीत. जर्मनीवर रोज बॉम्ब पडत होते, शत्रू दाराशी आला होता, अशा वेळी चाचण्यांच्या पायऱ्या कोण मोजत बसणार? हे उत्तर मी अनेक सुजाण माणसांकडून ऐकलं आहे आणि ते उडवून लावण्यासारखं नाही. युद्धात धोका पत्करावाच लागतो. पण नेमक्या त्याच महिन्यांत, त्याच युद्धात, जवळजवळ एकाच दुखण्याबद्दल तीन ठिकाणी तीन वेगळे निर्णय झाले. ते शेजारी शेजारी ठेवले की ‘युद्ध होतं’ हे उत्तर टिकत नाही. ते दुखणं म्हणजे गोंद.

पहिलं ठिकाण जर्मनीतलंच. फोके-वुल्फ कंपनीचा मुख्य अभियंता कुर्ट टांक याने टीए 154 नावाचं लाकडी रात्रलढाऊ विमान बनवलं होतं. प्लायवूडचे थर चिकटवायला टेगो फिल्म नावाचा गोंदाचा पातळ पापुद्रा वापरत. तो बनवणारा वुपरटालचा कारखाना ब्रिटिशांच्या बॉम्बहल्ल्यात गेला. बदली गोंद आला तो कमी पकडीचा होता आणि शिवाय लाकडालाच खात होता. 1944 च्या उन्हाळ्यात टीए 154 चे पंख हवेत उकलायला लागले, विमानं पडली. टांकने ऑगस्टमध्ये उत्पादन थांबवलं. सप्टेंबरात हा प्रकल्पच रद्द झाला. तेव्हाही जर्मनीवर बॉम्ब पडतच होते, आणि रात्रलढाऊ विमानांची गरज कुणालाही समजावून सांगावी लागत नव्हती.

हाच कुर्ट टांक पुढे 1950 च्या दशकात भारतात आला आणि बंगळुरात हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये त्याच्या हाताखाली एचएफ-24 मरुत हे आपलं पहिलं लढाऊ जेट घडलं. 17 जून 1961 ला ते पहिल्यांदा उडालं. चाचणी वैमानिक होते सुरंजन दास. जानेवारी 1970 मध्ये मरुतच्याच एका सुधारित नमुन्याच्या उड्डाणात ते बंगळुरात मरण पावले. तिथला एक मोठा रस्ता आज त्यांच्या नावाने आहे. मरुतच्या आधीही तिथे स्वदेशी आरेखनाची वाट कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका माणसाने पाडून ठेवली होती. विष्णू माधव घाटगे यांनी जर्मनीत ग्योटिंगेनला लुडविग प्रान्टल यांच्याकडे वायुगतिकी शिकून घेतली आणि पुढे एचटी-2 हे आपलं प्रशिक्षण विमान घडवलं. ते 1951 मध्ये उडालं आणि कितीतरी पिढ्यांचे वैमानिक त्याच्यावर शिकले. जे जर्मन विमानशास्त्र ‘अद्भुत शस्त्रं’ म्हणून आपण चघळतो, त्याचं आपल्यापर्यंत आलेलं खरं दान हे आहे, प्रान्टलच्या वर्गातलं. त्यावर मराठीत किती लेख आहेत?

दुसरं ठिकाणही जर्मनीतलंच. हाइन्केल कंपनीचं एचई 162, ‘फोक्सयेगर’, म्हणजे जनतेचं लढाऊ विमान. पंख लाकडाचे, पाठीवर एक जेट इंजिन. सप्टेंबर 1944 मध्ये ठरलं आणि 6 डिसेंबरला उडालं. ते उडवायला हिटलर युथ या नाझी युवक संघटनेतली कोवळी पोरं घ्यायची, असा बेत होता. पहिल्याच उड्डाणात चाकाच्या कप्प्याचा एक दरवाजा गोंद सुटून निखळला. चार दिवसांनी, 10 डिसेंबरला, बड्या पाहुण्यांसमोर दुसरं उड्डाण झालं. पंखाची कडा उकलली, विमान फिरत खाली आलं आणि वैमानिक गोटहोल्ड पेटर मेला. गोंदाचा दोष तेव्हा नवा राहिला नव्हता. टांकने ऑगस्टमध्ये ज्यापायी काम थांबवलं, तोच दोष डिसेंबरात समोर उभा होता. पण एचई 162 थांबलं नाही. डिसेंबर संपायच्या आत पुढचा नमुना वेगावर मर्यादा घालून पुन्हा उडवला गेला आणि उत्पादन चालू राहिलं. व्हिएन्नाजवळ हिंटरब्र्यूल इथे जिप्समच्या खाणीत, जमिनीखाली, माउटहाउझेन छळछावणीतून आणलेल्या कैद्यांकडून त्याचे सांगाडे बनवून घेतले जात होते. ती खाण आता पर्यटनस्थळ आहे. तिथल्या भूमिगत तळ्यात लोक होडीतून फिरतात.

या कैद्यांबद्दल इथे वेगळा परिच्छेद लिहायला हवा होता, पण मग लेख दुसरीकडे जाईल. एवढंच म्हणतो की ‘नव्वद दिवसांत विमान उभं केलं’ हे वाक्य कौतुकाने लिहिणाऱ्याने ते नव्वद दिवस कुणाच्या पाठीवरून गेले, हेही त्याच वाक्यात लिहावं.

तिसरं ठिकाण आपलं. बंगाल आणि आसामच्या बाजूचे हवाई तळ, 1944 चा पावसाळा संपत आलेला. ब्रिटिश हवाई दलाचं मॉस्किटो हे विमानही लाकडाचंच, डी हॅविलंड कंपनीने बनवलेलं आणि त्या युद्धातल्या उत्तम विमानांपैकी एक. नाटर लाकडाचं होतं म्हणून वाईट होतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी मॉस्किटो आठवावं. लाकडात दोष नव्हता. ब्रह्मदेशच्या आघाडीवर आलेल्या मॉस्किटोंना मात्र इथलं ऊन आणि इथला पाऊस सोसेना. पंखाचं लाकडी कवच आतल्या कण्यापासून सुटायला लागलं. ऑक्टोबर 1944 मध्ये पंख निकामी होऊन विमान पडलं, माणसं गेली. दोष हवामानाचा की कारखान्यातल्या जोडणीचा, यावर पुढे बराच वाद झाला. पण नोव्हेंबरात निर्णय झाला: या आघाडीवरची सगळी मॉस्किटो विमानं तपासणी होईपर्यंत जमिनीवर. कंपनीची माणसं इंग्लंडहून येऊन पंख तपासत बसली.

कोणती वेळ होती ती? ब्रिटिश-भारतीय चौदावी सेना जपान्यांना ब्रह्मदेशात मागे रेटत होती. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये याच आघाडीवर, मणिपूरमधल्या संगशकला, मराठा लाइट इन्फंट्रीच्या जवानांनी जपान्यांना रोखताना प्रचंड हानी सोसली होती. विमानांची गरज नव्हती असं कोण म्हणेल? गरज असतानाच ती थांबवली. खाली आपली माणसं लढत असताना वरची विमानं थांबवण्याचा निर्णय सोपा नसतो, आणि तो घेणाऱ्यावर त्या वेळी शिव्यांचा पाऊस पडला असेल तर मला नवल वाटणार नाही. तरी तो घेतला गेला.

तेव्हा ऑगस्ट ते डिसेंबर 1944 या पाच महिन्यांत दोन लाकडी विमानं थांबवली गेली आणि एक रेटलं गेलं. थांबवणाऱ्यांपैकी एक जर्मन होता, एक ब्रिटिश. युद्ध दोघांनाही होतं. युद्धाने घाई आणली हे खरं, पण त्या घाईला किती चढू द्यायचं हे प्रत्येक ठिकाणी माणसांनी ठरवलं. म्हणून झीबरच्या बाबतीत ‘युद्ध होतं’ हे उत्तर मी स्वीकारत नाही.

मी हे चांगले ब्रिटिश-अमेरिकन आणि वाईट जर्मन अशा सरळ रेषेत मांडत नाही. तसं मांडणं खोटं होईल. अमेरिकेत लॉकहीड कंपनीने 143 दिवसांत आपलं पी-80 जेट उभं केलं आणि 8 जानेवारी 1944 ला ते उडालं. ऑक्टोबरात त्यांचा मुख्य चाचणी वैमानिक मायलो बर्चम इंधनाचा पंप बंद पडून मेला. आपत्कालीन पंप विमानात नुकताच बसवला होता, पण त्याची माहिती बर्चमला कुणी दिलीच नव्हती. पुढच्या वर्षी 6 ऑगस्टला, हिरोशिमावर अणुबाँब पडला त्याच दिवशी, अमेरिकेचा सर्वांत यशस्वी लढाऊ वैमानिक रिचर्ड बाँग तशाच विमानात तसाच मेला. पंप होता, बटण दाबलेलं नव्हतं. बाँगची चूक म्हणून हे प्रकरण मिटवता येतं. पण ज्या यंत्रणेने एकाला पंपाबद्दल सांगितलंच नाही आणि दुसऱ्याला बटण विसरू दिलं, तिला मी निर्दोष म्हणणार नाही. फरक एवढाच की तिथे चौकशी झाली, तिचा निष्कर्ष कागदावर आला, आणि आज मी पुण्यात बसून तो वाचू शकतो. झीबरच्या वेळी अर्धं सत्य 53 वर्षं मातीत होतं.

दुसरा एक आक्षेप मला जास्त अवघड वाटतो: झीबर स्वखुशीने गेला होता. तसं तो गेलाच होता. पण स्वखुशीला माहितीचा आधार लागतो. आपल्याआधी पूर्ण विमान एकदाच उडालं आहे, डोक्याचा आधार झाकणाला आहे, झाकण गेलं तर मान जाईल, हे समोर मांडून मग ‘जातोस का?’ असं विचारलं असेल तर ती स्वखुशी. 22 वर्षांच्या मुलाला, हरत चाललेल्या देशात, गणवेशात उभं करून विचारलेल्या प्रश्नाला नकार देण्याची सोय किती असते? जपानने हीच वाट तिच्या टोकापर्यंत नेली. ओका नावाचं त्यांचं रॉकेट विमान म्हणजे पंख लावलेला बॉम्ब होता आणि आत माणूस बसवलेला. 21 मार्च 1945 ला, झीबर गेल्यानंतर तीनच आठवड्यांनी, ओका घेऊन निघालेल्या तुकडीची 18 बॉम्बर विमानं लक्ष्याजवळ पोचायच्या आत पाडली गेली. त्यातलेही सगळे ‘स्वयंसेवक’ होते. वैमानिकाचं मरण धरूनच यंत्र आखायचं एकदा ठरलं की त्याच्या होकाराला काय अर्थ उरतो?

आणि या सगळ्यातून हाती काय लागलं? नाटर एकदाही शत्रूवर सुटलं नाही. वाल्डझे गावातल्या बाखेमच्या कारखान्यात 36 विमानं तयार झाली. स्टुटगार्टच्या बाजूला किर्शहाइमजवळच्या रानात त्यांच्यासाठी काँक्रीटचे तीन चौथरे बांधले होते, ते अजून तिथे झाडीत आहेत. एप्रिल संपायच्या आत फ्रेंच सैन्य वाल्डझेत पोचलं. बाखेम युद्धातून वाचला आणि पुढे त्याच गावात त्याने फिरती घरं, म्हणजे गाडीमागे जोडायचे कॅरॅव्हॅन, आखले. एरिबा हे त्यांचं नाव एरिख बाखेमच्याच अक्षरांतून आलेलं आहे आणि युरोपात ते आजही प्रसिद्ध आहे. त्याने चांगले कॅरॅव्हॅन बनवले, यात मला काही खुपत नाही. मला खुपतं ते हे की ज्या अभियंत्याला आपल्या चाचण्या अपुऱ्या असल्याचं कळत होतं, त्याला त्या वेळी ‘नाही’ म्हणता येईल अशी एकही खुर्ची त्या देशात ठेवलेली नव्हती. टांकची खुर्ची होती, कारण त्याच्यामागे मोठी कंपनी आणि मोठं नाव होतं. व्यवस्था एका माणसाच्या नावावर चालत असेल, तर तो माणूस नसेल तिथे ती चालत नाही.

आता आपल्याकडे येतो, कारण माझं म्हणणं तिथेच पोचायचं आहे. सीमेवर काही झालं की आठवड्याभरात आवाज सुरू होतो: अमुक क्षेपणास्त्र अजून चाचण्यांतच का, तमुक ड्रोन लगेच सैन्याला का देत नाही, बाबूंनी कागदात अडकवून ठेवलं आहे. तेजसबद्दल हे आपण वीस वर्षं ऐकलं. 4 जानेवारी 2001 ला ते पहिल्यांदा उडालं आणि अंतिम मंजुरी मिळाली फेब्रुवारी 2019 मध्ये. उशीर झाला हे कोण नाकारेल? इंजिनाचे प्रश्न होते, 1998 च्या अणुचाचण्यांनंतरचे निर्बंध होते, आपला ढिसाळपणाही होता, त्यावर टीका व्हायलाच हवी. पण त्या अठरा वर्षांच्या चाचणीकाळात तेजसचा एकही अपघात झाला नाही. सेवेत आल्यावर अपघात झाले आहेत, त्यात वैमानिकही गेला आहे आणि त्यांच्या चौकशीचे निष्कर्ष लोकांपुढे यायला हवेत. तरी चाचणीच्या टेबलावर एकही प्रेत न पडणं ही त्या प्रकल्पाची मोठी मिळकत आहे आणि ती आपण कधी मोजलीच नाही. उशिराच्या हिशेबात ती जमेच्या बाजूला लिहायला हवी.

लष्करी विमान उडायला योग्य आहे की नाही, याचा दाखला देणारं आपलं केंद्र, सेमिलॅक, बंगळुरात आहे आणि ते डीआरडीओचाच भाग आहे. म्हणजे विमान आणि शस्त्रं विकसित करणारी संस्था आणि त्यांना दाखला देणारी संस्था एकाच छपराखाली. तिथे काम करणाऱ्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. उलट, इतकी वर्षं त्याच रचनेत राहून त्यांनी कडकपणा टिकवला, हे त्यांचं श्रेय. पण कारखान्यात असताना आम्ही एका गोष्टीसाठी भांडलो होतो: इन्स्पेक्शनचा माणूस प्रॉडक्शनच्या साहेबाला उत्तर देणारा नसावा. दोघे एकाच साहेबाचे असले की महिनाअखेरीला काय होतं, ते मी वर सांगितलंच आहे. देशाच्या विमानांना हाच नियम का लागू नये? हे केंद्र संसदेच्या कायद्याने स्वतंत्र करावं, त्याच्या प्रमुखाची मुदत ठरलेली असावी आणि ‘थांबा’ हा शब्द उच्चारल्याबद्दल त्याला हलवता येऊ नये.

युद्धात काय? युद्धात त्याचा ‘थांबा’ ओलांडावा लागेल अशी वेळ येऊ शकते, हे मी मान्य करतो. तशी तरतूदही कायद्यात असावी. पण ओलांडणाऱ्याने सही करावी. कारखान्यात दोष असलेला माल पुढे पाठवायचा असेल तर डेव्हिएशनचा कागद निघतो. त्यावर काय कमी आहे ते लिहितात, का चालवून घेतोय ते लिहितात, आणि खाली एका माणसाचं नाव असतं. एखाद्या दहा रुपयांच्या बुशसाठी आपण हे करतो. माणूस बसणाऱ्या विमानासाठी तो कागद असायलाच हवा: कोणत्या चाचण्या राहिल्या, कुणी राहू दिल्या, कोणत्या तारखेला. त्याची एक प्रत संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीकडे जावी, गोपनीय हवी तर गोपनीय. आणि एक प्रत त्या विमानात बसणाऱ्या माणसाच्या हातात, उड्डाणाच्या आदल्या दिवशी, त्याला ती रात्रभर वाचता येईल अशा बेताने.